चाकांवरची चूल

आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम हलवून यवतकडे निघते, त्या दिवशी दौंड तालुक्यातल्या या गावात दुपारपासूनच फोडणीचा वास सुटलेला असतो. काळभैरवनाथाच्या देवळात पालखी विसावणार असते आणि तिच्यासोबतच्या वारकऱ्यांना गाव पिठलं-भाकरी वाढणार असतं. बेत दरवर्षी हाच. शेकडो किलो बेसन भिजतं, त्या मानानं तेल, लसूण आणि मिरची लागते. भाकऱ्या मात्र एका जागी होत नाहीत. त्या यवतच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या घराघरांत थापल्या जातात आणि चवडीच्या चवडी टोपल्यांतून, पाट्यांतून देवळापाशी येतात.

एवढं पिठलं घेरायचं तर घरची रीत चालत नाही. घरी उकळत्या पाण्यात एका हातानं पीठ भुरभुरत दुसऱ्या हातानं हलवता येतं. जिथे कढईच माणसाच्या कवेत मावत नाही, तिथे तसं केलं की गुठळ्या होतात आणि तळ लागतो. म्हणून पीठ आधी गार पाण्यात सरसरीत कालवायचं, फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली की धारेनं ओतायचं आणि लांब दांड्याच्या उलथण्यानं तळापासून ढवळत राहायचं. पिठलं रटरटायला लागलं की जाळ मागे ओढायचा. हे काम करणाऱ्यांच्या हातांवर गरम थेंब उडतात, तरी ढवळणारा हात थांबवता येत नाही. थांबला तर तळाशी करपतं आणि तो वास सगळ्या कढईला लागतो.

या जेवणाची वारकरी एवढी वाट का पाहतात, ते मुक्कामांच्या क्रमावरून कळतं. देहूहून निघालेली पालखी आकुर्डीवरून पुण्यात येते आणि तिथे दोन रात्री थांबते. शहर प्रेमानं खाऊ घालतं: केळी, बिस्किटं, पुलाव, लाडू, जिलबी. योगिनी एकादशीही साधारण याच सुमारास येते, त्यामुळे साबुदाणा, भगर आणि शेंगदाणेही पोटात गेलेले असतात. पुढे लोणी काळभोर आणि मग यवत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या शेतकऱ्याला इथे पहिल्यांदा घरच्यासारखं, तिखट आणि कोरडं-ओलं जेवण समोर येतं. दमलेल्या माणसाला काय गोड लागतं हे यवतकरांना नेमकं ठाऊक आहे.

पण यवत एका रात्रीचं. देहू ते पंढरपूर हा प्रवास अठरा-एकोणीस दिवसांचा आहे आणि बाकीच्या दिवशी बहुतेक दिंड्या आपापलं जेवण आपणच रांधतात. हे रांधणं होतं ते ट्रकच्या आधारानं.

अमेरिकेत आणि युरोपात घरासारखी गाडी घेऊन भटकण्याची मोठी हौस आहे. आत झोपायला गाद्या, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, भांडी घासायचं बेसिन. अमेरिकेत तिला आरव्ही म्हणतात. आपल्याकडे कॅरॅव्हॅन हा शब्द रुळतो आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा गाड्या, तसंच त्या थांबवण्यासाठीची कॅरॅव्हॅन पार्क यांना प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. कल्पना नवी वाटते. पण घर गाडीवर चढवायचं, रोज नव्या जागी चूल मांडायची आणि शेकडो माणसांना वेळेवर गरम जेवायला घालायचं, हे काम दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या रस्त्यांवर दरवर्षी होतं. ते ज्या शिस्तीनं होतं, तिच्याकडे सुट्टीला गाडी घेऊन निघणाऱ्यांनी जरूर पाहावं.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची ही रीत सुरू केली. बैलगाड्यांच्या जागी पुढे ट्रक आले, पण मांडणी जुनीच राहिली. दिंडीच्या ट्रकचा हौदा हेच कोठीघर. तळाशी तांदूळ, डाळ आणि पिठाची पोती, तेलाचे डबे, साखर. एका कडेला पराती, पातेली, झारे आणि भट्ट्या. मध्ये फळ्या टाकून माळा केलेला असतो आणि त्यावर वारकऱ्यांच्या वळकट्या व पिशव्या चढतात. राहुट्यांचे बांबू बाजूला बांधलेले. भरण्याचा नियम एकच: मुक्कामाला जे आधी लागतं ते सगळ्यांत शेवटी चढवायचं. ताडपत्री, भट्टी, चहाचं पातेलं, साखर-पत्तीचा डबा आणि पाण्याचे पिंप मागच्या फाळक्याला लागून असतात. पावसात ट्रक थांबला की फाळका पाडायचा, ताडपत्री ताणायची आणि चहाचं आधण ठेवायचं. चहाची पावडर जर तांदळाच्या पोत्यांमागे राहिली, तर ती शोधेपर्यंत सगळा माल भिजतो. अनुभवी दिंड्यांत कुठली वस्तू कुठे हे ठरलेलं असतं आणि ते सहसा बदलत नाहीत.

दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. आचारी आणि मदतीला आलेले बाया-बापे पहाटे तीनच्याही आधी उठतात. चहा होतो, न्याहारी होते, राहुट्या उतरतात आणि वारकरी रथापुढच्या किंवा रथामागच्या आपल्या क्रमाच्या जागी चालू लागतात. ट्रक त्यांच्यासोबत रेंगाळत नाही. पालखीचा रस्ता इतर वाहनांना बंद होतो, म्हणून परवाना लावलेला ट्रक गर्दीच्या पुढे निघून दुपारच्या विसाव्याची जागा गाठतो. दिंडी पोहोचेपर्यंत भात, आमटी, भाजी तयार हवी. पंगती उठल्या की भांडी घासून पुन्हा हौद्यात आणि ट्रक रात्रीच्या मुक्कामाला. म्हणजे चालणाऱ्यांचा एक मुक्काम होतो तेव्हा स्वयंपाकघराचे दोन होतात. वारीची छायाचित्रं टाळ-मृदंगाची निघतात. या ट्रकमागे राबणाऱ्यांना बहुतेक वेळा रिंगणही पाहायला मिळत नाही. त्यांची वारी पातेल्यांपाशीच होते.

पैशांची सोय भिशीतून. प्रत्येक वारकरी ठरलेली रक्कम भरतो आणि त्यातून शिधा, ट्रक, टँकर यांचा खर्च निघतो. एखाद्या दिवसाची पंगत कोणी आपल्या नावानं घालतं. वाटेतली गावं भाजी, दूध, पीठ देतात. ‘पुंडलिक वरदे’चा गजर होऊन पंगत बसते, तेव्हा पत्रावळीवर पडणाऱ्या अन्नात कितीतरी गावांचा वाटा असतो.

या स्वयंपाकात मीठ थोडं कमी-जास्त झालं तर चालतं. पाणी, जाळ आणि वेळ या तिघांचा मेळ बसला नाही, तर मात्र माणसं उपाशी राहतात.

आधी पाणी. आपत्तीत उभ्या राहणाऱ्या छावण्यांसाठी जगभर वापरला जाणारा स्फिअर निकष सांगतो, की पिणं, स्वयंपाक आणि किमान स्वच्छता मिळून माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी हवं. दोनशे माणसांच्या दिंडीला या हिशेबानं रोज ३,००० लिटर लागतात. म्हणून ट्रकइतकाच टँकर महत्त्वाचा. तो भरायचा कुठे, हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं लागतं. यवत, वरवंड, पाटस या पट्ट्याला कालव्याचं आणि विहिरींचं पाणी आहे. पण पाटस सोडून रोटी घाट चढायला लागलं, की पुढचा उंडवडीपर्यंतचा मुलूख कोरडा. घाटात रथाला जादा बैल जोडतात, आणि टँकर आधीच भरून घेतात.

परदेशी आरव्हीचं पाण्याचं गणित याहून लहान, पण तितकंच कडक. गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. मोठ्या गाड्यांतही स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १५० ते ४०० लिटरची असते. चार माणसांनी घरच्यासारखा नळ सोडला तर दोन दिवसांत ती संपते आणि सांडपाण्याची टाकी भरते. म्हणून तिकडचे जाणते लोक खरकटं आधी कागदानं पुसून काढतात आणि मगच ताट विसळतात. टाक्या रिकाम्या करायला ठरलेल्या जागा असतात. वाटेल तिथे त्या सोडता येत नाहीत. आपल्याकडे ही सांडपाण्याची सोय अजून फार थोड्या ठिकाणी आहे, आणि कॅरॅव्हॅनचा प्रवास खरोखर वाढायचा असेल तर आधी ती व्हायला हवी. नदीकाठी गाडी लावून साबणाचं पाणी भीमेत किंवा घोडनदीत सोडणं हा पर्यटनाचा प्रकार होऊ नये.

मग जाळ. दिंड्यांनी लाकूडफाटा पाहिला, रॉकेलचे स्टोव्ह पाहिले, आता सर्वत्र गॅसच्या भट्ट्या दिसतात. स्वयंपाक ट्रकच्या आत होत नाही. तो खाली, उघड्यावर किंवा तीन बाजूंनी मोकळ्या ताडपत्रीखाली होतो, आणि हेच बरोबर आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. बंद गाडीत तो पायांशी साठतो आणि वर उभ्या असलेल्या माणसाला वास येईपर्यंत एका ठिणगीचं काम उरलेलं असतं. म्हणून आरव्हीत गॅसची सूचना देणारं यंत्र खाली, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसवतात आणि सिलिंडरचा कप्पा बाहेरच्या बाजूनं उघडणारा व तळाशी झरोके असलेला करतात. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वासच नाही. थंडीच्या रात्री काचा लावून शेगडीवर ऊब घेत झोपणं किंवा शेगडीतले निखारे गाडीत ठेवणं जिवावर बेतू शकतं.

चाकांवरच्या गॅसनं काय होतं याचं अलीकडचं उदाहरण मदुराईचं आहे. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तिथल्या रेल्वे स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्याला आग लागली. उत्तर प्रदेशातून आलेल्या प्रवाशांनी नियम डावलून सिलिंडर सोबत आणला होता. चहा करताना भडका उडाला आणि नऊ जणांचा जीव गेला. दौंड हे मोठं जंक्शन. मनमाडकडचा आणि सोलापूरकडचा फाटा इथेच फुटतो आणि यात्रेकरूंनी भरलेल्या कितीतरी गाड्या इथून रोज जातात. डब्यात शेगडी पेटवायची नाही, हे प्रत्येक घरात सांगितलं गेलं पाहिजे. कॅरॅव्हॅन भाड्यानं घेणाऱ्यांनीही शेगडी, नळी आणि रेग्युलेटर निघण्याआधी साबणाचं पाणी लावून तपासावेत आणि गाडी चालू असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आरव्ही घेऊन यलोस्टोनसारख्या उद्यानांत जायची हौस असते आणि तिथे फोडणीचा प्रश्न येतो. हिंग-मोहरी-लसणीची फोडणी बंद गाडीत दिली की धुराची घंटा वाजते आणि वास पडद्यांना, गाद्यांना धरून बसतो. गाडी परत करायची असते. यावरचा उपाय दिंडीच्या आचाऱ्यांचाच आहे: शेगडी बाहेर, छताच्या कनातीखाली. आत फक्त गरम करायचं आणि चहा. यलोस्टोनमध्ये मात्र जेवण उरकल्यावर सगळं अन्न पुन्हा गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद करावं लागतं, कारण वासावर अस्वलं येतात.

राहिली वेळ. प्रवासातलं अन्न शिजवल्यावर किती काळ टिकतं, यावर बेत ठरतो. शिजवलेला भात उन्हाळ्यात काही तासांत आंबूस होतो. ओलं खोबरं घातलेली भाजी त्याच्याही आधी. भाकरी, कोरडी चटणी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, गूळ हे टिकतं, कारण त्यांत पाणी कमी. आपल्या आज्या-पणज्यांनी शिदोरीसाठी दशमी निवडली ती याच अनुभवानं. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवलं तर ती तुटत नाही. प्रवासात गरम पाण्याचा एक थर्मास जवळ असला तर शेगडी पेटल्यापासून थोड्या वेळात भाकरी तव्यावर पडते.

बाजरीची एक खोड मात्र जाणून घ्यावी लागते. तिच्यात तेलाचा अंश बराच असतो. दळलं की तो हवेशी येतो आणि काही दिवसांत पीठ कडवट व्हायला लागतं. म्हणून लांबच्या मुक्कामाला निघणारे बाजरीचं पीठ नेत नाहीत, धान्य नेतात आणि वाटेतल्या गिरणीवर थोडं थोडं दळून घेतात. कॅरॅव्हॅनवाल्यांनाही हाच सल्ला लागू आहे.

शिरूरच्या बाजूला चालत्या माणसाच्या जेवणाची एक जुनी गोष्ट जिवंत आहे. पाबळला मस्तानीची कबर आहे आणि तिच्यामुळे बाजीरावाचं नाव या गावात रोज निघतं. बाजीरावाचं चित्र काढायला पाठवलेल्या चित्रकारानं तो कसा रंगवला, हे इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार सांगितलं जातं: घोड्यावर बसलेला, भाला खांद्याला टेकवलेला आणि दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळून दाणे खाणारा. मराठ्यांच्या फौजा वेगानं हलायच्या, त्यामागे घोडी जितकी होती तितकंच हे खाणंही होतं. मुदपाकखाना सोबत ओढणाऱ्या सैन्याला अशी चाल जमत नसे. याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे सूर्याच्या उष्णतेवर भाज्या-फळं वाळवण्याच्या यंत्रांवर काम झालं आहे. वाळवलेला कांदा, टोमॅटो, मेथी हा प्रवासाच्या स्वयंपाकाचा मोठा आधार. वजन घटतं, निवडणं-चिरणं वाचतं आणि धुण्याचं पाणीही वाचतं. कांद्याच्या या पट्ट्यात असा माल घरोघरी तयार झाला, तर महामार्गावरच्या प्रवाशाला तो विकता येईल.

गाडीशिवायही घर चालतं. शिरूर, दौंड, बारामती या अवर्षणाच्या भागातले धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणाच्या दिशेनं निघतात आणि पावसाआधी परततात. संसार घोड्यांच्या पाठीवर. तवा, पातेली, पाण्याची भांडी, लहान लेकरं आणि कोंबड्यासुद्धा. ते शिधा फार वाहून नेत नाहीत. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे त्यांचं कोठार रस्त्यावरच्या गावांत पसरलेलं असतं. दिवसभर चालून संध्याकाळी तळ पडला की तीन दगड, थोड्या काटक्या, भाकरी आणि दूध.

यवतचं पिठलं असो की धनगराला मिळणारं धान्य, चाकांवरच्या किंवा पायांवरच्या स्वयंपाकाचा अर्धा भाग रस्त्याकडेच्या माणसांच्या हातात असतो. पाणी कोण भरू देतं, सावलीत कोण थांबू देतं, दळण कोण दळून देतं, यावर प्रवाशाचं पोट भरतं. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि यवतचा मुक्काम झालाच नाही. पाटसपासून पुढचा पालखी मार्ग आता चौपदरी झाला आहे. ट्रक हलायला तो सोयीचा आहे. पण रुंदीकरणात बऱ्याच ठिकाणी जुनी झाडं गेली आणि त्यांच्यासोबत दुपारच्या पंगतीची सावलीही गेली. नवी झाडं लावताना विसाव्याच्या जागांचा विचार आधी झाला पाहिजे.

याच दोन तालुक्यांत दरवर्षी पाच-सहा महिने आणखी एक वस्ती येऊन राहते आणि तिच्या चुलीची फारशी कोणी चौकशी करत नाही. दौंडमध्ये पाटसला भीमा कारखाना, आलेगावला दौंड शुगर. शिरूरमध्ये न्हावऱ्याला घोडगंगा. भीमा आणि घोड यांच्या पाण्यावर वाढलेला हा उसाचा पट्टा तोडायला बीड, अहिल्यानगर, जालना आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून टोळ्या येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरला जातो. हंगामाची बाजरी-ज्वारी, तवा, परात, हंडे, पांघरुणं, शेळी, कोंबड्या, मुलं. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणायचं. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती टनावारी फेडायची असते.

मुक्कामाला कोपी उभी राहते. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री किंवा पाचट. आत वाकूनच जावं लागतं. चूल दारात, वाऱ्याची दिशा पाहून मांडलेली. कोपी पाचटाची असेल तर चुलीची ठिणगी केव्हाही घात करू शकते, म्हणून बाई जाळ लहान ठेवते आणि उठण्याआधी राख पाण्यानं विझवते. पहाटे तीन-साडेतीनला ती उठते. अंधारात, चुलीच्या उजेडात दोन वेळच्या भाकऱ्या एकदमच थापते. परातीत पिठाचा गोळा मळून हातानं गोल करत नेते. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाण्याचा हात फिरवते, उलटते, मग तवा उतरवून भाकरी निखाऱ्यापाशी उभी करते. ती टम्म फुगेपर्यंत दुसरी थापून होते. सोबत कालवण, नाहीतर ठेचा, नाहीतर शेंगदाण्याची चटणी. सगळं फडक्यात बांधून उजाडण्याआधी फडात. तिथे दिवसभर ऊस तोडायचा, वाढं बाजूला काढायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत चढवायच्या. जेवण फडाच्या बांधावर, सावली सापडेल तिथे. गाडी भरायची वेळ कारखान्याच्या पाळीवर, म्हणजे रात्रीही बोलावणं येऊ शकतं. परतल्यावर पुन्हा पाणी, सरपण, चूल. नवऱ्याइतकंच तोडून हा सगळा स्वयंपाक तिचा एकटीचा.

जनावरांपुरतं ठेवून उरलेलं वाढं विकलं, की त्या पैशांतून आठवड्याच्या बाजारात तेल, मिरची, भाजी येते. ज्वारी-बाजरी संपली तर गिरणीवर उधारीनं दळण. अनेकींच्या नावावर गॅसची जोडणी आहे, पण ती गावाकडच्या पत्त्यावर. भरलेला सिलिंडर परजिल्ह्यात मिळवायचा तर पैसे आणि वेळ दोन्ही लागतात. मग बाभळीच्या काटक्या आणि पाचटाचा धूर. पाणी बहुतेक वेळा कोणाच्या तरी विहिरीचं, मोटर चालू असेल तोवर. माणशी १५ लिटरचा तो छावणीचा निकष इथे कितीदा पुरा होत असेल, हे हंडे मोजले तर कळेल.

कॅरॅव्हॅन पार्क म्हटलं की काय हवं, हे सगळ्यांना पटकन सांगता येतं: सपाट जागा, नळ, विजेची जोडणी, स्वच्छतागृह, सांडपाण्याचा निचरा, दिवे. सुट्टीच्या दोन दिवसांसाठी ज्या गोष्टी आवश्यक वाटतात, त्या सहा महिने राबणाऱ्या कुटुंबांना मिळायलाच हव्यात, यात दुमत होण्याचं कारण नाही. शिरूर-दौंडमध्ये पर्यटक यावेतच. मोराच्या चिंचोलीला, रांजणगावच्या गणपतीला, पलीकडे निघोजच्या रांजणखळग्यांना आणि दौंड ओलांडून भिगवणला रोहित पक्षी पाहायला व मासे खायला गाड्या जातात, त्यांतून गावांना चार पैसे मिळतात. पण त्या गाड्यांसाठी जे पाणी आणि जी वीज आणली जाईल, तीच सोय उसाच्या तळावर आणणं अवघड नाही.

कारण अवघड भाग या गावांनी आधीच करून दाखवला आहे. वारीत एका रात्रीसाठी यवत आणि वरवंड आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसांच्या पाण्याची, उजेडाची आणि जागेची सोय लावतात. ग्रामपंचायत, तहसील, आरोग्य खातं, पोलीस सगळे महिनाभर आधी बैठका घेतात. ऊसतोड टोळ्यांचा मुक्काम तर त्याहून आधी ठरलेला असतो. कुठल्या गटात किती कोयते येणार, हे कारखान्याच्या शेती विभागाकडे हंगाम सुरू होण्यापूर्वीच लिहिलेलं असतं. त्या यादीवरून तळाच्या जागा ठरवता येतील. प्रत्येक तळाला टाकी आणि तोट्या, दोन दिवे, बायकांसाठी दार लागणारी स्वच्छतागृहं, कोप्यांपासून सुरक्षित अंतरावर पत्र्याखाली धूर न कोंडणाऱ्या चुलींची ओळ आणि गॅस एजन्सीकडून तात्पुरत्या पत्त्यावर पाच किलोचे सिलिंडर. कारखान्याचं धुराडं पेटायच्या आधी, गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत, ही कामं उरकता येतात.